दाद, इस्लाह आणि भिजलेली वही

"वही उलटी धरलीय!"

कसबा बावड्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आम्ही आमच्या मुलींचा लघुपट दाखवत होतो. तिसऱ्या बाकावरून एक मुलगा असा ओरडला आणि अख्खा वर्ग हसला. पडदा म्हणजे भिंतीवर लावलेली पांढरी चादर. त्या चादरीवर चित्रपटातली मुलगी पुरात भिजलेली आपली वही छातीशी धरून बसली होती. तिने वही उघडली ती आपल्या उर्दू वहीसारखी, उजवीकडून. आमच्या मुलींना त्यात काहीच वेगळे वाटले नव्हते, मलाही नाही. पण समोरच्या साठ मुलांना ती चूक वाटली. चित्रपटातल्या सगळ्यात दुःखाच्या क्षणाला सगळ्यात मोठा हशा पिकला.

माझ्या मुली मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे चेहरे उतरले. रिक्षातून परतताना एकजण म्हणाली, "टीचर, त्यांना काय कळतंय?" मी लगेच उत्तर दिले नाही. कारण खरा प्रश्न त्यांना काय कळते हा नव्हताच. त्यांचे हसणे घेऊन आपण काय करायचे, हा होता. या लेखाचा विषय तोच आहे. विद्यार्थी चित्रपट करतात, लोकांना दाखवतात, लोक बोलतात. त्या बोलण्यातले काय घ्यायचे, काय सोडायचे आणि ते ठरवायचे कोणी?

उर्दूच्या दुनियेत वाढलेल्यांना हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे श्रोत्याच्या प्रतिक्रियेच्या दोन जुन्या रीती आहेत. एक दाद, दुसरी इस्लाह. मुशायऱ्यात शेर पडला की 'वाह' येते, 'मुकर्रर'ची मागणी होते, किंवा नुसती शांतता पसरते. ही दाद जागच्या जागी मिळते आणि गर्दीची असते. इस्लाह वेगळी. शागिर्द आपली ग़ज़ल उस्तादासमोर ठेवतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा मिसरा खाली-वर करतो. इक्बाल यांनी तरुणपणी दाग देहलवी यांच्याकडे टपालाने ग़ज़ला पाठवून इस्लाह घेतली होती. थोड्याच काळात दाग यांनी कळवले की आता तुमच्या कलामात दुरुस्तीची गरज उरलेली नाही. उस्तादाचे मोठेपण मला या दुसऱ्या गोष्टीत जास्त दिसते. दुरुस्ती कशी करावी हे पुष्कळांना कळते. ती कुठे थांबवावी हे थोड्यांना.

चित्रपटाची पंचाईत अशी की त्याला दाद आणि इस्लाह एकाच तोंडातून मिळतात. प्रेक्षक हसतो, रडतो, कंटाळतो ही झाली त्याची दाद. दिवा लागला की तोच उठून सांगतो, शेवट असा करा, बापाला असा दाखवा. ही झाली इस्लाह. पहिली गोष्ट सांगण्याचा हक्क त्याला शंभर टक्के आहे. दुसरीचा आहे का?

आम्ही कोल्हापूरचे. या गावाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अनुभवला आहे. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षक किंचाळले, काहींना भोवळ आली आणि पुढे ते दृश्य कापावे लागले, असे सांगतात. पाच वर्षांनी, १९२५ साली, याच बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवर 'सावकारी पाश' केला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा शेतकरी त्यात होता. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. आज चित्रपटाचे अभ्यासक त्याला भारतातल्या वास्तववादी चित्रपटाची सुरुवात मानतात. पण पौराणिक चमत्कारांची सवय झालेल्या त्या वेळच्या प्रेक्षकांनी त्याला हवी तशी साथ दिली नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले. प्रेक्षकांचे बोलणे त्यांनी ऐकले, असे म्हणता येईल. पण १९३६ साली त्यांनी तोच 'सावकारी पाश' बोलपटाच्या रूपात पुन्हा केला. म्हणजे ऐकूनही ती गोष्ट त्यांनी मनातून काढली नव्हती. मला वाटते, प्रेक्षकांशी वागण्याचा हा एक प्रामाणिक नमुना आहे. लोकांनी नाकारले म्हणून कर्जबाजारी शेतकऱ्याला त्यांनी सुखी केला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. कागलला जन्मलेले यासीन मिस्त्री, म्हणजेच एस. फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा, हे १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या भागीदारांपैकी एक. विष्णुपंत दामले यांच्यासह त्यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. १९३६ च्या अखेरीस तो मुंबईत लागला. हा चित्रपट फारसा चालणार नाही, असा धंद्यातल्या माणसांचा होरा होता, असे सांगितले जाते. लोकांनी तो सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालवला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो जगातल्या उत्तम चित्रपटांत गणला गेला. हा चित्रपट मी विद्यार्थिनींना दाखवते तेव्हा त्यांना तुकोबांपेक्षा जिजाई आधी आवडते. घरात दाणा नाही आणि नवरा अभंगात गुंतलाय, या रागाने बोलणारी ती बाई त्यांना आपल्या घरातली वाटते. एका मुस्लिम कारागिराने वारकरी संताच्या घरातली चूल इतकी खरी उभी केली, कारण ती चूल त्याने पाहिलेली होती. प्रेक्षक काय मागतील याचा अंदाज बांधून हे येत नाही. प्रेक्षक ज्या घरात राहतो त्या घराची माहिती असावी लागते.

तिसरे उदाहरण मालेगावचे. यंत्रमागाच्या त्या गावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगांव के शोले' केला. त्यांचा व्हिडिओ पार्लर होता. पब्लिक कुठे शिट्टी मारते आणि कुठे उठून बाहेर जाते, याचे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटामुळे ही मंडळी जगाला कळली आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहात आला. मालेगावच्या चित्रपटांवर हसून सोडून देणारे पुष्कळ आहेत. मला त्यात मोठे सामर्थ्य दिसते. करणारा आणि पाहणारा एकाच गल्लीतले असल्यामुळे तिथे अभिप्राय मागावा लागत नाही, तो रस्त्यात भेटतो. पण एक मर्यादाही दिसते. रोज त्याच माणसांना हसवायचे असले की गावाचे खरे दुःख विडंबनाच्या आडून येते, समोरासमोर क्वचितच. हडकुळ्या यंत्रमाग कामगाराला सुपरमॅनचा पोशाख चढवला की गाव हसते. तोच कामगार नुसता पोट धरून खोकला तर गाव बघेल का? हा दोष नासिर शेख यांचा नाही. तो आपला, प्रेक्षकांचा आहे.

आता आमच्या लघुपटाकडे येते. नववीच्या सात मुली, एकीच्या भावाचा मोबाईल आणि शाळा सुटल्यानंतरचे तास. कोल्हापुरात 'चिल्लर पार्टी' ही विद्यार्थी चित्रपट चळवळ उभी राहिली, तिने शाहू स्मारक भवनात मुलांना देशोदेशीचे चित्रपट दाखवले. त्यातले काही आमच्यातल्या दोघींनी पाहिले होते. आपणही करू, ही कल्पना त्यांचीच. गोष्ट एकीने लिहिली. ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेची पातळी बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ४३ फुटांना धोका आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. गोष्टीत एका शिंप्याचे घर पाण्यात जाते. मशीनची मोटर जळते, मुलीच्या वह्या भिजतात. पाणी ओसरते, शाळा सुरू होते, पण मुलगी शाळेत परत जात नाही. ती घरी बसून साड्यांना पिको-फॉल करू लागते. बस, एवढेच. लिहिणाऱ्या मुलीच्या बाजीची, म्हणजे मोठ्या बहिणीची ही हकीकत होती. पुराच्या वेळी लिहिणारी स्वतः दुसरीत होती.

पहिली प्रत ११ मिनिटे ४० सेकंदांची झाली. ती आम्ही चार ठिकाणी दाखवली. चारही ठिकाणांनी आम्हाला काही ना काही शिकवले आणि एका ठिकाणी मी स्वतः घसरले.

पहिले प्रेक्षक समाजातले काही जाणते लोक. चहापाणी झाले, चित्रपट झाला. एक बुजुर्ग, ज्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे, म्हणाले, "बेटा, मेहनत चांगली आहे. पण आधीच लोक म्हणतात मुसलमान मुलींना शिकवत नाहीत. तुम्ही तेच दाखवलंत. मुलगी शाळेत परत गेली असं दाखवा, समाजाला पैगाम जाईल." बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. दुसऱ्याच दिवशी मी मुलींना सांगितले की शेवट बदलूया. एक दिवस चित्रीकरण झाले. मुलगी दप्तर घेऊन फाटकातून आत जाते, मागे तराना वाजतो.

दुसरे प्रेक्षक शहरातले, चित्रपटांची आवड असणारे. त्यांना आम्ही हा नवा शेवट दाखवला. खूप टाळ्या पडल्या. तरीही एक गृहस्थ म्हणाले, "सगळं फार सौम्य आहे. घरातला विरोध दाखवा, बाप ओरडतोय, धर्माची बंधनं, बुरखा, यातून ती बाहेर पडते असं दाखवा. मग परिणाम होईल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांना आमच्या चित्रपटातला शिंपी दिसलाच नव्हता. त्यांच्या मनात एक तयार चित्रपट होता आणि आमचा त्याच्याशी जुळत नव्हता.

परतताना लिहिणारी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "टीचर, बाजी परत गेलीच नाही ना." त्या रात्री मला झोप लागली नाही. दहा वर्षे मी मुलांना सांगत आले आहे की खरे लिहा. आणि एका मुलीने खरे लिहिले तेव्हा मीच लाल शाईने ते खोडले. तेही इस्लाह या नावाखाली. एका बुजुर्गाच्या शब्दावर मी तिच्या बहिणीला शाळेत पाठवून दिले होते. प्रत्यक्षात तिला परत आणायला मी, आमची शाळा, आम्ही कोणीही गेलो नव्हतो.

मग नीट विचार केला. बुजुर्गांचा सल्ला आणि शहरातल्या गृहस्थांचा सल्ला वरवर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एकाला समाज चांगला दिसायला हवा, दुसऱ्याला वाईट. पण दोघांनीही एकच गोष्ट वगळली होती, ती म्हणजे पैसा. मोटर जळाली, ती बदलायला पैसे लागतात, ते कुठून आले? शाळेच्या रिक्षाचे पैसे वाचवून. मुलीची शाळा ना धर्माने सोडवली, ना धर्माच्या अभिमानाने वाचवली असती. दोघेही चित्रपटाकडे बघता बघता आपल्या प्रतिमेकडे बघत होते.

तिसरे प्रेक्षक म्हणजे आया. आम्ही जुना शेवट परत लावून एका दुपारी वर्गात पंचवीस-तीस आयांना बोलावले. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हते, म्हणून कागद वाटले नाहीत, नुसत्या गप्पा केल्या. शेवटाबद्दल कोणी काही बोललेच नाही. थोडा वेळ सगळ्या गप्प होत्या. मग एक म्हणाली, "मॅडम, वही अशी सुकत नाही." आमच्या चित्रपटात मुलगी वही गच्चीवर उन्हात ठेवते आणि पुढच्या दृश्यात ती कोरडी असते. त्या बाई म्हणाल्या, "उन्हात ठेवली की पानं चिकटतात, शाई पसरते. आम्ही पानापानात रद्दी घातली. ती भिजली की काढायची, दुसरी घालायची. चार दिवस." दुसरी म्हणाली, "आणि भिंतीवर पाण्याची रेघ कुठाय? पूर गेलेल्या घरात रेघ असते." तिसरी थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्या अब्बांना मुकं का ठेवलंय? ते वाईट नाहीत, चांगलेही नाहीत. हिशोब करतात बिचारे. तो हिशोब दाखवा की."

या दुपारने आमचा चित्रपट बदलला. फ्रेंच चित्रकर्ता ज्याँ रूश यांची एक हकीकत मला आठवली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नायजर नदीवरच्या सोरको कोळ्यांच्या पाणघोड्याच्या शिकारीवर चित्रपट केला. नंतर आयोरू गावी चादर लावून त्याच लोकांना तो दाखवला. शिकारीच्या दृश्याला रूश यांनी जोशपूर्ण संगीत दिले होते, तेही त्याच लोकांचे शिकारीचे संगीत. कोळी म्हणाले, हे काढा. शिकारीत आवाज चालत नाही, पाणघोडा ऐकेल आणि पळून जाईल. रूश यांनी ते संगीत काढले. पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले की ज्यांच्यावर चित्रपट केला त्यांना तो आधी दाखवावा. त्या कोळ्यांनी रूश यांना संपादन शिकवले नव्हते. त्यांनी फक्त आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगितली होती. आमच्या आयांनीही तेच केले.

चौथे प्रेक्षक म्हणजे ती मराठी माध्यमाची शाळा आणि उलटी वही. त्या हशाचे काय करायचे यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. एक म्हणाली, पडद्यावर लिहून टाकू की उर्दू उजवीकडून लिहितात. दुसरी म्हणाली, मग तो चित्रपट राहणार नाही, धडा होईल. तिसरी म्हणाली, वही मराठीची दाखवू. लिहिणारीने मान हलवली, नाही म्हणून. शेवटी एकीला सुचले ते सगळ्यांना पटले. सुरुवातीला, पूर येण्याआधी, मुलगी रोजचा अभ्यास करताना तिच्या हाताचे एक दृश्य घ्यायचे. पेन्सिल उजवीकडून डावीकडे जाते, पान उलटते. कोणाला हसायचे असेल, नवल वाटायचे असेल, तर ते तिथेच होऊन जाईल. भिजलेली वही येईपर्यंत डोळ्यांना त्या दिशेची सवय झालेली असेल. पुढे दुसऱ्या एका मराठी शाळेत आम्ही हे करून पाहिले. सुरुवातीला खसखस पिकली. वहीच्या दृश्याला कोणी हसले नाही.

या चार अनुभवांतून मला जे उमगले ते साधे आहे. रुग्ण दुखते कुठे हे सांगतो, ते खरे मानायचे. औषध कोणते हेही तो सांगू लागला तर ऐकून घ्यायचे, पण लिहून द्यायचे नाही. "इथे मी हसलो", "इथे मला कळले नाही", "हे असे होत नसते" ही दुखण्याची माहिती झाली. "शेवट गोड करा", "बापाला खलनायक करा" हे औषध झाले. मराठी शाळेतल्या मुलाने आम्हाला काहीच सुचवले नव्हते, तो फक्त हसला होता. पण त्याचे हसणे त्या दोन्ही विद्वान सल्ल्यांपेक्षा जास्त कामाचे ठरले.

औषध प्रेक्षकांच्या हाती दिले की काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ऑर्सन वेल्स यांच्या 'द मॅग्निफिसंट ॲम्बरसन्स'चे आहे. १७ मार्च १९४२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावात त्याचा चाचणी खेळ झाला. गंभीर प्रसंगांना लोक हसले, बऱ्याच अभिप्राय पत्रिका कडवट आल्या, काहींनी मात्र त्याला श्रेष्ठ चित्रपट म्हटले. वेल्स त्या वेळी ब्राझीलमध्ये होते. कंपनीने घाबरून चाळीसहून अधिक मिनिटे कापली, दुसऱ्यांकडून गोड शेवट चित्रित करून घेतला आणि कापलेला भाग नष्ट केला. ८८ मिनिटांची जी प्रत उरली तीही मोठी मानली जाते, पण जे गेले ते कायमचे गेले. मला यातून दोन धडे दिसतात. ज्याचा चित्रपट आहे तो खोलीत हजर असताना बदल करा आणि जुनी प्रत कधीही पुसू नका. मोबाईलवर काम करणाऱ्या मुली जागा नाही म्हणून जुनी दृश्ये सहज पुसतात. आमचा जुना शेवट वाचला तो एकीने तो आपल्या मामाच्या संगणकावर ठेवला होता म्हणून.

माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आम्ही पुढे जी रीत ठरवली तीही सांगते. खेळाआधी चित्रपट समजावून सांगायचा नाही, कारण घरोघरी आपण सोबत जाणार नसतो. खेळ चालू असताना मुलींनी पडद्याकडे पाहायचे नाही, प्रेक्षकांकडे पाहायचे. कोण कितव्या मिनिटाला हलले, बोलले, मोबाईल काढला, ते टिपायचे. संपल्यावर "आवडला का?" हे विचारायचे नाही, त्याला सगळे हो म्हणतात. पहिला प्रश्न, "काय झाले ते सांगा." गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली की आपण काय सांगू शकलो नाही ते आपोआप कळते. दुसरा प्रश्न, "कुठे अडखळलात?" तिसरा, "काय खोटे वाटले?" उत्तर देताना मुलींनी सफाई द्यायची नाही, फक्त लिहून घ्यायचे. एकाच माणसाला खटकले तर ती त्याची आवड असू शकते. वेगवेगळ्या ठिकाणच्या तिघांना एकच जागा खटकली तर दोष आपल्यात आहे. कोणताही बदल त्याच दिवशी करायचा नाही. आणि शेवटचा शब्द गोष्ट जिची आहे तिचा. टीचरचा नाही, हे मी माझ्यासाठी लिहून ठेवले आहे.

विद्यार्थ्यांच्या चित्रपटाला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी म्हणेल. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुरातून पुण्याला गेली आणि तिच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे शिकताना उमेश कुलकर्णी यांनी 'गिरणी' हा लघुपट केला, तो घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आणि त्या घरातल्या मुलाचा. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकताना 'पिस्तुल्या' केला, शिकण्याची आस असलेल्या एका मुलाचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' त्यानंतरचा, २०१३ चा. त्या मुलाची गोष्ट नागराज यांनी विद्यार्थी असतानाच सांगितली होती, कोणाच्या सोयीसाठी गुळगुळीत न करता. तेव्हा विद्यार्थ्याचा चित्रपट हा सराव नसतो. पुष्कळदा माणूस आयुष्यभर जे सांगणार असतो ते त्यात पहिल्यांदा सांगितले जाते. तिथेच त्याला खोटे शेवट लावायची सवय लावली तर ती जात नाही.

आणि हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही, आपल्या सगळ्यांच्या लेखनाचा आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आजपर्यंत मुस्लिम मराठी लेखक दोन प्रेक्षकांसमोर उभा आहे. एक मोहल्ल्यातला, जो म्हणतो, घरातले बाहेर सांगू नका. दुसरा बाहेरचा, जो म्हणतो, आम्हाला हवे तेच घरातले सांगा. दोघांचीही दाद हवीहवीशी असते. पहिल्याच्या दादेने माणूस समाजात मानाने बसतो, दुसऱ्याच्या दादेने वर्तमानपत्रात छापून येतो. त्यामुळे कधी आपल्या कथेतली माणसे नमुन्यादाखल चांगली होतात, कधी नमुन्यादाखल वाईट. वहीत रद्दी घालून चार दिवस बसणारी आई दोन्हीकडे सुटते. मला वाटते, आपल्याला तिसऱ्या प्रेक्षकाची गरज आहे. ज्याच्यावर लिहिले आहे तोच तो. तो क्वचित वाचतो, क्वचित बोलतो. त्याला बोलावून, चहा देऊन विचारावे लागते.

तिसरी प्रत आठ मिनिटांची झाली. भिंतीवर मातीने पाण्याची रेघ ओढली. वहीच्या पानांत रद्दी आली. आणि अब्बांचा हिशोब आला. चटईवर नोटांच्या दोन छोट्या गड्ड्या आहेत, एक मोटरची, एक रिक्षाची. त्यांचा हात रिक्षाच्या गड्डीवर थोडा वेळ थांबतो आणि मग ती उचलून दुसरीवर ठेवतो. संवाद नाही. हे दृश्य त्या मुलीने पहिल्यांदा लिहिले नव्हते, एका आईने ते मागितले होते. पण त्यात हात किती वेळ थांबावा हे मुलीने ठरवले.

ही प्रत बाहेर नेण्याआधी आम्ही ती बाजीला दाखवली, तिच्या घरी, मोबाईलवरच. तिचे अब्बाही बसले होते. त्यांनी आधीच परवानगी दिली होती, तरी माझा जीव घाबरा झाला होता. संपल्यावर ते उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "ठीक है." बाजीने चित्रपट दुसऱ्यांदा लावला. मग म्हणाली, "पिको मशीनचा आवाज असा नसतो. हा साध्या मशीनचा आहे." आणि तिने आपली मशीन सुरू करून दाखवली.

मुलींनी तो आवाज तिथेच मोबाईलवर घेतला. आता चित्रपटाच्या शेवटी तोच आहे. मी घरी येऊन रात्रशाळेची आणि दहावीच्या बाहेरून परीक्षेची माहिती एका कागदावर लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी बाजीला नेऊन दिली. तिने तो कागद घडी करून मशीनच्या खणात ठेवला. पुढे काय होईल ते तिचे तीच ठरवील. चित्रपटाचा शेवट मात्र आम्ही आता बदलणार नाही.